होडी पाण्यातच आहे

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला तर मलाच आश्चर्य वाटेल. क्रोकवोगच्या बोट क्लबात वसंतातली साफसफाई उरकली, धक्क्याच्या फळ्या घासून झाल्या आणि मंडळी वाफल खायला बसली की दर वर्षी मी काहीतरी सांगतो, आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतं, "म्हाताऱ्या, पुरे आता." पण या खेपेला माझी बाजू भक्कम आहे. ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला तो ओडवार ब्रेके हा काय, खिडकीपाशी बसून वाफलवर जाम पसरतोय. त्याची बायको रायदून कॉफी ओततेय. रायदूनचा धाकटा भाऊ तेर्ये, म्हणजे ओडवारचा मेहुणा, तोही दाराशी बसलाय, नेहमीसारखा कपाळाला आठ्या घालून. साक्षीदार समोर बसवून थाप मारायला मी काही वेडा नाही.

तर ओडवार. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात याचा जन्म गेला. त्या जन्मात त्याने गावाला धक्के दिले, स्वतः एकही खाल्ला नाही. कुणी व्हरांडा काढायला निघाला, कुणी सासूसाठी मागे खोली बांधायला निघाला, की हा सायकलवरून येऊन उभा. "आधी परवानगी, मग खिळा." एवढंच बोलायचा आणि जायचा. लोकांनी खिळे विकत घेऊन ठेवले, ते गंजले, सासवा वारल्या. परवानग्या यायच्या त्या आल्याच. माणूस वाईट नाही. फक्त नियम मोडलेला दिसला की त्याला जेवण जात नाही.

याच तत्त्वावर त्याने आयुष्यात होडी घेतली नव्हती. क्रोकवोगमध्ये होडी नसलेला माणूस म्हणजे लग्नात चपला हरवलेला माणूस. कुठे उभं राहावं ते त्याला कळत नाही. पण ओडवारचं म्हणणं, आधी धक्क्यावर जागा, मग होडी. आणि धक्क्यावरची जागा ही काय चीज आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. या गावात घटस्फोट झाला तर मुलं कुणाकडे यावर दोघांचं चहा पिता पिता एकमत होतं, जागा कुणाकडे यावर वकील लागतात. ओडवारने रांगेत नाव घातलं तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते आणि रायदून त्यांतून बोटं फिरवायची. रांग सरकत गेली तसे केसही सरकत गेले.

तोवर उन्हाळ्यात समुद्रावर जायचं ते दुसऱ्यांच्या होडीतून. आणि परक्याच्या होडीत बसायचं तर केक न्यायचा. पुढच्या टोकाला बसायचं, जिथे प्रत्येक लाट आधी आपल्या तोंडावर येते. कुठे थांबायचं, कधी निघायचं, ते मालक ठरवणार. उतरताना आभार मानायचे आणि पुढे कधी दुकानात गाठ पडली तर मागच्या वेळचे पुन्हा मानायचे. रायदूनने हे सगळं हसून केलं. पण एकदा, लेकाच्या वयाच्या एका मालकाने "काकू, आज केक जरा कोरडा झालाय" म्हटल्यावर ती घरी येऊन ओव्हनसमोर उभी राहिली.

"ओडवार," ती म्हणाली, "मला राजवाडा नको. मला एक दिवस आपल्या होडीतून बाहेरच्या खडकांवर जायचंय. पाय पसरून कोळंबी सोलायचीय. आणि परत कधी निघायचं ते मी ठरवणार. गुडघे वाकतायत तोवर जमलं तर बघ."

यावर नियमात उत्तर नव्हतं.

आणि मे महिन्यात, कुंपण रंगवत असताना, फोन आला. पलीकडे बोर्गहिल्ड. धक्क्यावरच्या जागा बोर्गहिल्डच्या हातात. पूर्वी ती दंतवैद्याकडे मदतनीस होती, त्यामुळे अजूनही तिचा आवाज आला की समोरचा आ करतो.

"ओडवार, तुझी जागा आली."

"कुठली?"

"स्वर्गातली नव्हे, धक्क्यावरची. बाहेरच्या टोकाकडून दुसरी."

धक्क्यावर जागा मिळाल्याचा धक्का असा जबर होता की ओडवार मागे न बघता खाली बसला, आणि बसला तो रंगाच्या डब्यात. पांढऱ्या रंगाच्या. पण खरा धक्का पुढे होता.

"तेवीस जूनला, सांक्तहान्सच्या सणाच्या संध्याकाळी, होळी पेटायच्या आत होडी जागेवर हवी. नाहीतर जागा रांगेतल्या पुढच्याची."

"पुढचा कोण?"

"तुझा मेहुणा," बोर्गहिल्ड म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

तेर्येकडे होडी होती. जागा नव्हती तरी होती, कारण तेर्येचं तत्त्व नेमकं उलटं. पांढरी शुभ्र प्लास्टिकची होडी त्याच्या अंगणात चाकांच्या गाड्यावर उभी असायची. दर शनिवारी हा तिला साबणाने धुवायचा आणि मग टोपी घालून तिच्यात बसून रेडिओवर समुद्राचं हवामान ऐकायचा. वादळी वारा सांगितला तर उतरून घरात जायचा. काळजी म्हणून. बातमी कळताच तो ओडवारकडे आला. रंग अजून वाळला नव्हता.

"अभिनंदन, मेहुणे! होडी कुठली घेणार?"

"बघतोय."

"बघा, बघा. सावकाश बघा," तेर्ये म्हणाला. "घाईत घेतलेली होडी वाईट."

यानंतर सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. कुंपणापलीकडचा लायडुल्फ पहिला. लायडुल्फकडे होडी नव्हती. होत्या त्या तिन्ही त्याने रागाने विकल्या होत्या, त्यामुळे त्याला होड्यांतलं सगळं कळायचं. "लाकडी घेऊ नको," तो म्हणाला. "लाकूड कुजतं. प्लास्टिकची घेऊ नको, ती फोड आल्यासारखी फुगते. अॅल्युमिनियम लाटेवर डब्यासारखं वाजतं, तुझी बायको वैतागेल." मग घेऊ तरी काय, असं ओडवारने विचारलं. "चांगली घे," लायडुल्फ म्हणाला, आणि आपण केवढं मोठं काम केलं अशा चेहऱ्याने कॉफीची वाट बघत उभा राहिला.

पहिली होडी एका शेतकऱ्याच्या कोठारात होती. "फारशी वापरलेली नाही," असं तो म्हणाला होता, आणि ते खरं होतं. माणसांनी वापरलेली नव्हती. चालकाच्या खुर्चीवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. "पिल्लं बाहेर येईस्तोवर हलवता येणार नाही," शेतकरी म्हणाला. ओडवारने तारखेचा हिशेब केला, कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीने त्याच्याकडे असं पाहिलं की आपण परवानगी नाकारायचो तेव्हा लोकांना काय वाटत असेल ते त्याला प्रथमच कळलं.

दुसरीचं सुकाणू उजवीकडे फिरवलं की होडी डावीकडे जायची. मालक सज्जन होता, त्याने काही लपवलं नाही. "एका उन्हाळ्यात सवय होते," तो म्हणाला. "मला आता कळतसुद्धा नाही." मग तो आपल्या मोटारीत बसला, निरोपाचा हात केला आणि डावीकडे वळायचं म्हणून थेट उजवीकडच्या पोस्टाच्या पेट्यांत घुसला. तिथून उतरून त्याने पुन्हा हात केला.

तिसरी इतक्या वेगाने सुटली की रायदूनच्या हातातला कप पुढे गेला आणि त्यातली कॉफी मागे राहिली. हवेत. मी शपथेवर सांगतो. वळून परत येईपर्यंत ती कॉफी तिथेच लोंबकळत होती, आणि नेमकी ओडवारच्या पाठीवर उतरली. घरी आल्यावर ओडवारने कॅलेंडरचं पान उलटलं. जून लागला होता.

आणि मग ती जाहिरात. "स्नेके. ओकच्या लाकडाची, दोन्ही टोकं निमुळती, लहान मोटार. तब्येत उत्तम. होडी पाण्यातच आहे." पाण्यात आहे म्हणजे तयार आहे, धुऊन-रंगवून, दोर सोडला की निघायचं. हा या किनाऱ्यावरचा सरळ अर्थ. ओडवारने हे वाक्य रायदूनला दोनदा वाचून दाखवलं.

बाहेरच्या बेटावर टेलेफ नावाचा म्हातारा राहायचा, होडी त्याची. फेरीबोटीने दोघं पोचली. टेलेफने स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, तपकिरी चीज लावलेला पाव दिला, पुन्हा कॉफी दिली. मेलेल्या बायकोची आठवण सांगितली, जिवंत शेजाऱ्याची निंदा केली. होडीचं नाव नाही. ओडवारने शेवटी खाकरून विचारलं, "ती होडी बघितली असती."

"बघू की! ती कुठे जातेय!" टेलेफ म्हणाला. या वाक्याचा अर्थ ओडवारला जरा वेळाने कळायचा होता.

धक्क्यावर आले. ऊन छान, पाणी हिरवं, स्वच्छ. होडी नाही. ओडवारने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, होडीघराच्या मागे जाऊन आला.

"कुठाय?"

"ती काय," टेलेफ म्हणाला, आणि त्याने बोट खाली केलं.

ओडवारने वाकून पाहिलं. तळाला, वाळूवर, मोठ्या ऐटीत, एक होडी बसली होती. बाकं दिसत होती. सुकाणू दिसत होतं. बाकाखालून एक मासा बाहेर आला, त्याने वर पाहिलं आणि घरी पाहुणे आल्यासारखा घाईने आत गेला.

ओडवारच्या दोन्ही भुवया कपाळावरून निघाल्या आणि केस गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत वरपर्यंत गेल्या. रायदूनने त्याच्या कोटाची बाही धरली, नाहीतर तो तोल जाऊन गिऱ्हाइकाऐवजी पाणबुडा झाला असता.

"ही... ही बुडालीय!"

"बुडाली कुठे? बुडवलीय," टेलेफ दुखावल्या सुरात म्हणाला. "होडीघरात कोरडी पडली होती ना ती. फळ्या आक्रसल्या, फटीतून बोट जातं. पाणी प्यायला नको तिला? तहान भागली की फुगते, फुगली की फटी बंद, मग बाटलीसारखी घट्ट. क्रोकवोगचा ना तू? तुझ्या आजोबाने काय केलं मग?"

आजोबांनी हेच केलं होतं. लाकडी होडी वसंतात पाण्याखाली ठेवतात, हे ओडवारला माहीत होतं; ते बघितलंही होतं. पण बघणं निराळं आणि पाकीट खिशात घेऊन बघणं निराळं. "आणि मोटार?" त्याने कसंबसं विचारलं.

"ती बुडवीन होय? मोटारीवरच तर तुमची कॉफी ठेवली होती." ज्याला टेबल समजले त्याच्यावर कपडा अंथरलेला होता, खाली टेबलाचे पाय आहेत का ते बघायचं कुणाला सुचणार!

ओडवार "चल" म्हणणार होता. पण रायदून धक्क्याच्या काठावर पालथी पडून खाली बघत होती. उन्हाची जाळी होडीवर हलत होती, फळ्यांचा रंग मधासारखा दिसत होता.

"ओडवार," ती हळूच म्हणाली, "हिच्यात बसल्यावर पाणी अगदी हाताशी येईल."

"अगं, आत्ता पाणी डोक्यावर आहे!"

"हीच घ्यायची," रायदून म्हणाली. बांधकाम खात्यात राहून त्याला आवाज ओळखता येत होते. या आवाजावर अपील नसतं.

होडी वर काढली, उपसली, टेलेफने आपल्या होडीमागे बांधून ती क्रोकवोगला ओढत आणली. वाटेत ओडवार आणि रायदून बादल्यांनी पाणी बाहेर टाकत होते आणि समुद्र ते परत आणून देत होता. धक्क्यावर अर्धं गाव जमलं. ओडवारने चार दोर नियमाप्रमाणे बांधले, गाठी तपासल्या, वर चढला, टोपी नीट केली आणि वळून पाहिलं तोवर होडी सावकाश, अजिबात आवाज न करता, खाली जाऊन बसली. दोर ताठ खाली गेले.

"अजून तहान आहे," टेलेफ म्हणाला. "तीन-चार दिवस हात लावू नको." त्याने मोटार धक्क्यावर ठेवली, वर कपडा घातला आणि तो निघून गेला.

तेर्ये आला. त्याने जागेकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, दोरांकडे पाहिलं.

"मेहुणे, दोर सुंदर बांधलेत. होडी कधी येणार?"

"होडी जागेवर आहे," ओडवार म्हणाला.

"जागेवर नाही. जागेखाली आहे."

हा फरक ओडवारला आधी सुचायला हवा होता. आयुष्यभर त्याने याच जातीचे फरक काढून लोकांची घरं अडवली होती. तेर्येने बोर्गहिल्डला विचारलं, बोर्गहिल्डने समिती बोलावली. समिती धक्क्यावर आली, कॉफीचे कप मोटारीवर ठेवले आणि ओळीने वाकून खाली बघू लागली. नियमात होडीची लांबी होती, रुंदी होती, विमा होता. उंची-खोलीबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, होडी कुठे असते हे लोकांना माहीत असतं.

"जागा म्हणजे पृष्ठभागापासून तळापर्यंत," ओडवारने युक्तिवाद केला. "घराच्या जमिनीत तळघर येतं, तसंच."

"तळघराला आमची परवानगी लागते," बोर्गहिल्ड म्हणाली. समितीने माना डोलावल्या. हे वाक्य त्यांनी ओडवारच्याच तोंडून ऐकलेलं होतं.

त्यावर लायडुल्फने शंका काढली, की तळाला टेकलेली वस्तू ही होडी नसून समुद्रतळावरचं बांधकाम धरावं लागेल, आणि ते काम नगरपालिकेचं आहे. झालं. ओडवारने आपल्या जुन्या खात्यात फोन लावला. त्याच्या खुर्चीवर बसलेल्या पोराला त्यानेच शिकवलं होतं. सगळं ऐकून घेऊन पोरगं नम्रपणे म्हणालं, "आधी परवानगी, मग होडी. आणि ओडवार, काम सहा आठवड्यांत होईल, पण त्यात उन्हाळ्याची सुट्टी धरलेली नाही."

"किती उद्धट उत्तर आहे," फोन ठेवून ओडवार रायदूनला म्हणाला.

"पाठ आहे मला ते," रायदून म्हणाली. "तू झोपेत बोलायचास."

शेवटी बोर्गहिल्डने निकाल दिला. होळी पेटेल त्या क्षणी होडी तरंगत हवी. तरंगत म्हणजे पाण्यावर. पाण्यावर म्हणजे वरच्या बाजूला. मिटलं.

सांक्तहान्सचा दिवस उजाडला. रायदूनने पहाटे उठून केक केला, वर पहिल्या स्ट्रॉबेऱ्या लावल्या, चांगला फ्रॉक घातला आणि डबा मांडीवर घेऊन धक्क्यावर खुर्ची टाकून बसली. "आज केक आपल्या होडीत जाणार," एवढंच ती म्हणाली. ओडवारने टेलेफने दिलेल्या मुदतीपेक्षा एक दिवस जास्त थांबून होडीला पाणी पाजलं होतं. आता उपसायचं एवढंच बाकी होतं.

पण उपसायचं म्हणजे कड आधी वर आली पाहिजे. तो दोर ओढतोय हे बघून गाव मदतीला धावलं, आणि गाव मदतीला धावलं की माणसाने पळ काढावा. एक म्हणाला, लाकडाचा भुसा टाका, तो फटींत ओढला जातो, उरल्यासुरल्या चिरा बंद होतात. खरी गोष्ट आहे. भुशाची दोन पोती आली आणि पाण्यात गेली. लायडुल्फ म्हणाला, भुसा एकटा काय करेल, राईचं पीठ पाहिजे, आणि बेकरीतून राईचं पीठ घेऊन आला. तिसऱ्याने ताक आणलं. तिन्ही एकत्र झाल्यावर ओडवारच्या, बाहेरच्या टोकाकडून दुसऱ्या जागेत खीर तयार झाली. होडी दिसेनाशी झाली. गावातले सगळे सीगल जेवायला आले, त्यांच्या मागे बदकं आली, बदकांच्या मागे त्यांची पिल्लं आली. इतकी गर्दी झाली की एका सीगलला बसायला जागा मिळेना म्हणून तो ओडवारच्या डोक्यावर बसला. बाकी सगळीकडे आधीच कुणी ना कुणी बसलेलं होतं.

मग हाताने फिरवायचं यंत्र आणलं, धक्क्याला पक्कं केलं, त्याची साखळी होडीला बांधली, आणि चार जणांनी दांडा फिरवला. साखळी ताठ झाली. काहीतरी हललं. "येतेय! येतेय!" लोक ओरडले. पण होडी येत नव्हती, धक्का जात होता. आपला धक्का तरंगता, होडी ओकची. दोघांत जड कोण ते ठरलेलं. ओडवारच्या बाजूचं टोक पाण्याखाली गेलं, दुसरं टोक हवेत उचललं गेलं, कॉफीचे कप मोटारीवरून घसरले, कपांमागे समिती घसरली, आणि बोर्गहिल्ड खिरीत बसली. उभी राहिली तेव्हा तिच्या खांद्यावर एक बदकाचं पिल्लू होतं.

"आ करू नका!" ती कडाडली. सगळ्यांनी तोंडं मिटली.

दिवस उतरला. म्हणजे आपल्याकडे जूनमध्ये जेवढा उतरतो तेवढाच. भुशासकट सगळं शांत झालं. मंडळी एकेक करून टेकडीपलीकडच्या वाळूवर होळीकडे निघाली. तिथे सॉसेज भाजायला लागले होते. धक्क्यावर दोघं उरली. रायदूनच्या फ्रॉकवर पिठाचे डाग, मांडीवर डबा. तिने झाकण उघडलं, केककडे पाहिलं आणि झाकण लावलं.

"चल," ती म्हणाली. "तेर्येच्या होडीतून जाऊ आपण. तो नेईल. केक आहेच." आणि ती रडायला लागली. लग्नानंतर ओडवारने तिला दोनदा रडताना पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा कुणीतरी मेलं होतं. आत्ता कुणी मेलं नव्हतं. तो तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "माझंच चुकलं. परवानगी न घेता होडी घ्यायला हवी होती आधीच. केस होते तेव्हा."

मग दोघं उठली. जागा सोडतो असं बोर्गहिल्डला तोंडी सांगायचं, होळी पेटायच्या आधी, नियमाप्रमाणे. टेकडी चढून ती पलीकडे गेली. धक्क्यावर चिटपाखरू उरलं नाही; सीगलसुद्धा सॉसेजच्या वासाने गेले होते.

आणि मंडळी, आता घडलं ते ऐका. मी एकटाच तेव्हा टेकडीवर होतो, झुडपामागे, का होतो ते विचारू नका, म्हातारपणी वारंवार जावं लागतं. मी पाहिलं की समुद्र मागे सरतोय. ओहोटी! पण कशी ओहोटी! खाडीतलं पाणी टेबलावरची चादर ओढावी तसं बाहेर निघालं. खेकडे बिचारे पाय लावून पाण्यामागे पळाले. तळ उघडा पडला, आणि त्या तळावर ओडवारची होडी, उन्हात चमकत, कोरड्या वाळूवर! तिच्यातलं पाणी फटींतून भळाभळा वाहून गेलं, खीर वाहून गेली, मग फटी पटापट मिटल्या. एकेक मिटताना मला ऐकू येत होती. थोडा वेळ समुद्र तिथेच बाहेर थांबला, श्वास धरून. मग हळूच परत आला, होडीखाली गेला आणि तिला हातावर उचलल्यासारखं वर घेऊन आला.

तिकडे ओडवार बोर्गहिल्डसमोर उभा. ती केसांतला भुसा काढत होती. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात लायडुल्फ टेकडीवरून ओरडला, "अरे, वर आलीय! तरंगतेय!" सगळं गाव धावलं. आणि धक्क्याच्या टोकाकडून दुसऱ्या जागेत ती स्नेके, कोरडी ठणठणीत, दोरांना नाक लावून डुलत होती. मागे होळीचा पहिला जाळ उठला. बोर्गहिल्डने होडीकडे पाहिलं, जाळाकडे पाहिलं. "तरंगते," ती म्हणाली. रायदूनने एका हातात डबा धरला, दुसऱ्या हाताने फ्रॉक वर केला आणि सरळ होडीत उतरून मागच्या बाकावर, मालकाच्या जागेवर, जाऊन बसली. मोटार बसवायची होती, वल्ही नव्हती, होडी कुठे जाणार नव्हती. पण परत कधी निघायचं ते तिने ठरवलं, आणि पहाटेपर्यंत ती निघाली नाही. ओडवार समोर बसून तिच्याकडे बघत होता. भुवया अजून वरच होत्या. तुम्हीच बघा, आजही पुरत्या खाली आलेल्या नाहीत. असा आहे समुद्र, मंडळी! नियमाने वागणाऱ्या माणसासाठी तोसुद्धा एकदा बाजूला होतो, मागे सरून वाट...

"बस कर, म्हाताऱ्या, बस कर!" दाराशी खुर्ची आपटल्याचा आवाज झाला. तेर्ये उभा होता, कानापर्यंत लाल. "ओहोटी? क्रोकवोगला? अरे, या खाडीत पाणी जन्मात वीतभर हललं नाही! शेंबड्या पोराला विचार! माझी होडी गाड्यावरून अंगणात गवतावर उतरवली मी, तो गाडा छातीभर गार पाण्यात घातला, ताईची होडी त्याच्यावर घेऊन माझ्या मोटारगाडीने उतारावरून बाहेर ओढली, सगळं पाणी आणि ती तुमची घाणेरडी खीर वाहून जाऊ दिली, आणि होळी पेटायच्या आत परत आणून बांधली. का? तर क्लबाच्या दारातून ताई तशी रडताना दिसली, मला बघवेना! माझी जागा गेली, महिनाभर कंबर धरली, मी कुणाला चकार शब्द बोललो नाही. आणि हा श्रेय समुद्राला देतोय! ओहोटी म्हणे! ओहोटी मी होतो!"